संस्थात्मक झाले ते काय?

राजधानीत 'संस्थात्मक' हे विशेषण फार सढळ हाताने वापरले जाते. एखाद्या उपक्रमाला 'संस्थात्मक रूप' दिल्याची ग्वाही मंत्री देतात, तेव्हा बहुधा एक शासकीय आदेश तेवढा निघालेला असतो. व्यवस्था संस्थात्मक झाली की नाही याची कसोटी निराळी आहे. ती चालण्यासाठी कोणाच्या मर्जीची गरज उरता कामा नये. लोकसभेची निवडणूक मुदतीत होईल का, असे आज कोणी विचारत नाही. (आणीबाणीत सभागृहाची मुदत वाढवली गेली, पण तो अपवाद म्हणूनच स्मरणात आहे.)

ही कसोटी बेंगळुरूच्या कोरमंगल्यात लावून पाहावी. वस्ती सुशिक्षित, रहिवासी संघ जागरूक. तरीही तळ्याच्या जागेवर वसलेल्या एस. टी. बेड भागात पावसाळ्यात घरांत पाणी शिरते, आणि 2017 मध्ये सुरू झालेला ईजीपुरा उड्डाणपूल 2025 मध्येही अपुराच होता. जाब विचारायचा कोणाला?

या शहराने एक प्रयोग केला होता. एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री असताना 1999 मध्ये नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले गेले. त्याच्या पुढाकाराने महापालिकेसह विविध यंत्रणा जाहीर सभेत आपल्या कामाचा हिशेब मांडत. देशभर कौतुक झाले. 2004 मध्ये सरकार बदलले आणि दल विरून गेले. ते मुख्यमंत्र्यांच्या इच्छेवर उभे होते. कायद्याचा आधार त्याला नव्हता.

मात्र कायदा असला म्हणजे भागते, असेही नाही. 74व्या घटनादुरुस्तीने पालिकांना पाच वर्षांची निश्चित मुदत दिली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक बंधनकारक केली. बेंगळुरूच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली. पुढे प्रभागांची संख्या 198 वरून 243, मग 225 अशी बदलत राहिली आणि पाच वर्षे निवडणुकीविना गेली. सप्टेंबर 2025 मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या, तेव्हाही शहरात एकही निर्वाचित नगरसेवक नव्हता. या पाचांवरील प्राधिकरणाचे अध्यक्ष स्वत: मुख्यमंत्री!

महाराष्ट्राने याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. मुंबईच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मतदानाला जानेवारी 2026 उजाडले. ओबीसी आरक्षणाचा वाद खरा होता. परंतु प्रभागरचना किंवा याद्यांची कामे अपुरी आहेत म्हणून निवडणूक लांबवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने किशनसिंग तोमर खटल्यात 2006 मध्येच स्पष्ट केले होते. दोन्ही राज्यांत या काळात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली. निवडणुकीची घाई त्यांपैकी कोणालाच नव्हती, कारण प्रशासक मंत्रालयाला उत्तरदायी असतो आणि नगरसेवक प्रभागाला. घटनेने पालिकांना मुदत दिली. प्रत्यक्षात रुळली ती मुदतवाढ, आणि तिला मात्र कोणाच्या आदेशाची गरज भासली नाही.