कणा वाकडा असेल तर आधी एक्स-रे, मग व्यायाम

पाठीचा कणा बाजूला वाकलेल्या मुलीला ‘महिन्यात सरळ करतो’ असे सांगणाऱ्या जिमवर आमचा विश्वास नाही. एक्स-रेमध्ये हा वाक 10 अंश किंवा अधिक भरला, तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. प्रत्येकाचा वाक वेगळा असतो. सर्वांना एकच व्यायाम चालत नाही. मांजरीतील प्रशिक्षकांनी आधी एक्स-रे व डॉक्टरांचा सल्ला मागावा, फिजिओथेरपिस्टला विचारून हलकी सुरुवात करावी, दुखले किंवा मुंग्या आल्या तर थांबावे.

माता-भगिनींनो, वाढत्या वयात वाक वाढू शकतो. मुलीला पुढे वाकवून पाठ पाहा. एक बाजू उंच दिसली, तर लग्न जमणार नाही म्हणून लपवू नका; ससूनला दाखवा. वेळेवर पट्टा लागला तर शस्त्रक्रिया टळू शकते.