अटकेनंतरचे मौन

संयुक्त अरब अमिरातीत नोकरी करणारा एखादा मराठी गृहस्थ दारूच्या अमलाखाली मोटार चालविताना पकडला गेला, तर ज्या आप्तांना ती वार्ता सर्वांच्या आधी कळावयास हवी त्यांनाच ती सर्वांच्या शेवटी कळते. आणि या लपवाछपवीच्या काळात जी हानी होते ती न्यायालयाने ठोठावलेल्या शिक्षेहूनही पुष्कळदा जबर असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कसुराच्या गांभीर्याविषयी मुळीच संदेह नको. २०२० च्या नोव्हेंबरात तेथील संघराज्याने मद्यपानविषयक कायदे सैल केले, २०२३ च्या आरंभी दुबईने मद्यपरवान्याची फी माफ केली, आणि त्यामुळे आपल्यापैकी अनेकांची अशी समजूत झाली की पिण्यास मोकळीक मिळाली त्याअर्थी पिऊन गाडी हाकण्याकडेही थोडीफार डोळेझाक होणारच. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. भारतात शंभर मिलिलीटर रक्तामागे तीस मिलिग्रॅम मद्यार्काची जी मर्यादा आपल्या परिचयाची आहे, तिचा आधार घेऊन तेथे कोणी सुटत नाही. आणि मार्च २०२५ पासून अंमलात आलेल्या २०२४ च्या वाहतूकविषयक फर्मानवजा कायद्यान्वये या अपराधास कैद आणि २० हजार ते १ लाख दिरहॅम दंड, अथवा यांपैकी एक, अशी शिक्षा आहे. वाहनपरवाना पहिल्या खेपेस किमान तीन महिने, दुसऱ्या खेपेस सहा महिने तहकूब होतो, आणि तिसऱ्या खेपेस रद्दच होतो. शारजात तर मद्यविक्रीच बंद आहे. दुबईत मेजवानी आटोपून रात्री शारजातील घरी स्वतः गाडी चालवीत परतणाऱ्याने हे विसरता कामा नये.

पण शिक्षा कितीही कठोर असली तरी तिला कायद्याने घातलेली सीमा असते. सीमा नसते ती त्या धावपळीला, जी पहाटे ठाण्यातून दूरध्वनी आल्याबरोबर कोणाची तरी ओळख शोधीत सुरू होते. रत्नागिरीत बसलेला थोरला भाऊ आपल्या माहितीतल्या कंत्राटदारास विचारतो, तो अबूधाबीतील कोणा मध्यस्थाचे नाव सुचवितो, आणि त्या मध्यस्थाच्या हाती जी रक्कम पडते तिच्यात चांगल्या वकिलाची फी सहज भागली असती. ही सवय आपण सामानाबरोबर इकडूनच नेतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्श गाडीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला, तेव्हा त्या अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाल्याचा संताप सर्वत्र उसळला. पुढे त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली ससून रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांनाही अटक झाली. पोटच्या पोराला वाचविण्याची धडपड मला समजते. परंतु ती पुरावाच नाहीसा करण्याच्या थराला जाते तेव्हा मेलेल्यांचा दुसऱ्यांदा घात होतो. अमिरातीत तर अंमलदाराला लाच देऊ करणे हाच एक स्वतंत्र आणि अधिक मोठा फौजदारी गुन्हा ठरतो.

त्यापेक्षा सरळ मार्ग कितीतरी कमी खर्चाचा आहे. जबानीचा कागद अरबीत असतो. दुभाषा मागण्याचा हक्क आरोपीला आहे, आणि मजकूर समजल्याखेरीज त्याने सही करू नये. अबूधाबीच्या न्यायखात्याने २०१९ मध्ये हिंदीला आपल्या न्यायालयांतील तिसऱ्या भाषेचे स्थान दिले, ते अशाच परक्या माणसांची अडचण ओळखून. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेची खबर आपल्या वकिलातीस देण्याची मागणी कैदी करू शकतो. दुबईत भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहायता केंद्रही आहे. जामिनासाठी पासपोर्ट तारण म्हणून ठेवून घेतला जाऊ शकतो, म्हणून घरी लग्न आहे या सबबीवर विमानाचे तिकीट आधीच काढून बसू नये. फौजदारी निकालावर आरोपीला अपील करण्यास पंधरा दिवसांची मुदत असते, आणि लाजेपायी घरात तोंड मिटून बसलेल्याची ती मुदत निघून जाते. कोणास इजा झाली असेल तर विमा कंपनी भरपाई देते खरी, परंतु नशेत गाडी चालविणाऱ्याकडून ती रक्कम वसूल करण्याचा अधिकारही तिला असतो; हा हिशेब पत्नीला प्रथम कळावयास हवा, कारण अनेक घरांत तिचा आणि मुलांचा निवासपरवाना नवऱ्याच्याच परवान्यावर अवलंबून असतो. हद्दपारीचा हुकूम झालाच, तर मुलाची शाळा वर्षाच्या मध्येच सुटते, घराचा भाडेकरार मोडतो आणि कर्जाचे हप्ते अंगावर येतात; या सर्वांची तजवीज दोघांनी मिळून आधी केली तर निभाव लागतो, आणि एकट्याने लपवून करू म्हटले तर त्यातली एकही धड होत नाही.

ज्याला बाटलीवाचून संध्याकाळ कंठत नाही, त्याच्या बाबतीत दंड भरून प्रकरण मिटत नाही. १९८६ मध्ये डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हापासून व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही उपचारात सामील करून घेण्याचा जो परिपाठ तेथे पडला, तो परदेशस्थ मराठी कुटुंबांनी अंगीकारावा असा आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा दुबईतही भरतात. तेथे जाणाऱ्याला कोणी नोकरी विचारीत नाही की जात विचारीत नाही.

दुबईत आणि अबूधाबीत महाराष्ट्र मंडळे आहेत, गणेशोत्सवाला माणसे लोटतात, दिवाळीला फराळ होतो, नाटके होतात. त्याच मंडळांनी अरबी जाणणाऱ्या दोन-तीन विश्वासू वकिलांची नावे, दूतावासाचा दूरध्वनी आणि रात्री-अपरात्री ठाण्यात सोबत येण्यास तयार असलेल्या सभासदांची यादी जवळ ठेवावी, आणि ती आहे हे वार्षिक सभेत उघडपणे सांगावे, म्हणजे पहाटे पाच वाजता मध्यस्थाचा पत्ता शोधण्याची वेळ त्या घरावर येणार नाही.