तोंडाला रंग कोणी फासला?

या आठवड्यात एका पालकांनी मला एका निवासी शिबिराचं पत्रक मोठ्या कौतुकाने पाठवलं. ‘जंगलात राहा, स्वावलंबी व्हा!’ वय 10 ते 14, दोन रात्री. खाली बारीक अक्षरांत: फिल्टरचं पाणी, दिवसातून तीनदा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि शेवटी सर्वांना प्रमाणपत्र. सोबत विनंती: ‘जाण्याआधी मुलाला एखादी विज्ञानकथा सुचवा. फक्त त्यातून काहीतरी घेण्यासारखं हवं.’

‘घेण्यासारखं’ म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

तरी सुचवतो. रॉबर्ट हाइनलाइनची ‘टनेल इन द स्काय’, 1955. शाळेची अखेरची परीक्षा अशी, की एका दारातून पलीकडच्या अनोळखी ग्रहावर जायचं आणि दोन ते दहा दिवस जिवंत राहून दाखवायचं. नायक रॉड वॉकरची सैन्यातली बहीण त्याला बजावते, बंदूक नेऊ नकोस. हातात बंदूक असली की माणूस बेफिकीर होतो, सुरीवाला जपून राहतो. पुढे परतीचं दार उघडतच नाही आणि दहा दिवसांची दोनेक वर्षं होतात. मुलं-मुली वस्ती वसवतात, निवडणूक घेतात, सोबती गमावतात. निवडणूक हरलेला रॉडच शेवटी वस्तीचा प्रमुख होतो.

वर्षभर आधी, 1954 मध्ये, विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ आली होती. तिथेही मोठ्यांविना अडकलेली मुलंच. ती विद्यापीठांत शिकवली जाते, तिच्या लेखकाला 1983 साली नोबेल मिळालं. हाइनलाइन मात्र पोरांच्या कपाटात. गोल्डिंगची पोरं लहान आणि बेसावध, हाइनलाइनची सतरा-अठराची आणि तयार केलेली. तेव्हा तुलना अन्यायाची आहे, मान्य. पण दोन्हीकडे एक रंगवलेला चेहरा आहे, तो बघा. गोल्डिंगचा जॅक माती आणि कोळसा स्वतःच्या तोंडाला फासतो आणि त्या रंगाआड त्याची लाज गळून पडते. रॉडच्या तोंडाला रंग फासतात ते सुटकेनंतर पोहोचलेले वार्ताहर. दोन वर्षं कायदा सांभाळणारा पोरगा त्यांना कॅमेऱ्यासाठी रानटी हवा असतो.

गोल्डिंग सांगतो, मोठी माणसं नसली की पोरं रानटी होतात. हे मोठ्यांना का आवडतं, ते उघड आहे. हाइनलाइन विचारतो, रानटी ठरवतंय कोण? शेवटी नौदलाचा अधिकारी आला की गोल्डिंगची मुलं पुन्हा लहान होऊन रडतात. हाइनलाइनकडे मोठी माणसं आल्यावरच खरी पंचाईत सुरू होते.

आपल्याकडे ही पंचाईत होत नाही, कारण कथेत शास्त्रज्ञकाका असतात. मी गणती केलेली नाही, पण मराठी बालविज्ञानकथा उघडावी आणि तिसऱ्या पानाच्या आत प्रयोगशाळेतून काका बाहेर येऊ नयेत, असं माझ्या नशिबी क्वचितच आलं. मुलं संकटात सापडणार, काका बटण दाबणार आणि घरी जाताना गुरुत्वाकर्षण समजावणार. मोठं व्हायची संधी हुकली ती हुकलीच.

हाइनलाइनही धुतल्या तांदळासारखा नाही. त्याचे नायक भाषणं ठोकतात आणि तरबेज मुली पुस्तक संपायच्या आत संसाराला लागतात. पण एक गोष्ट त्याने नेमकी केली. रॉडच्या वडिलांचा आजार असाध्य, म्हणून उपचार सापडेपर्यंत आईवडील काळ थांबवणाऱ्या यंत्रणेत गेलेले असतात. ते बाहेर येतात तेव्हा त्यांच्या हिशेबी फारसा काळ गेलेलाच नसतो. समोर उभा असलेला माणूस त्यांना परवा निरोप दिलेला पोरगाच वाटतो. इथे विज्ञान शोभेला नाही. प्रत्येक आईबापाचं घड्याळ असंच बंद पडलेलं असतं, लेखकाने त्याला फक्त यंत्र दिलं.

तेव्हा पालकहो, पुस्तक मुलाला द्याच. मात्र त्यातून घेण्यासारखं आहे ते तुमच्यासाठी. आणि त्या तीन फोटोंपैकी निदान दोन रद्द करा.