आडाला कठडा, मग पूलला का नको?

हल्ली लोणावळा, कर्जत, अलिबाग या बाजूच्या बंगल्यांच्या जाहिराती पाहिल्यात का? दिवाणखान्याची काचेची सरकती दारे उघडी आणि समोर लगेच निळे पाणी. मध्ये ना कठडा, ना फाटक. ही म्हणे चैनीची खूण! मला ते चित्र पाहून पोटात गोळा येतो.

आता असा एक बंगला आमच्या नात्यातही उभा राहतो आहे. भाच्याने हौसेने नकाशा पाठवला. मी एवढेच विचारले, "पूलभोवती कुंपण कुठे दाखवलंय?" उत्तर आले, "आत्या, कुंपणाने सगळा व्ह्यू जातो गं. आणि आम्ही मोठी माणसं असतोच की तिथे." घरात एक दोन वर्षांचे आणि एक चार वर्षांचे, अशी दोन मुले आहेत. भाचा हा ब्लॉग वाचतो (निदान तसे म्हणतो तरी!), म्हणून हे उत्तर इथेच देते.

आधी 'आम्ही असतोच की' याबद्दल. मी चौतीस वर्षे शाळेत शिकवले. साठ मुलांचा वर्ग असायचा. माणसाचे लक्ष किती वेळ टिकते हे मला कोणी सांगायला नको. फळ्याकडे पाठ वळली की मागच्या बाकावर काय काय होते, ते सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे. फोन वाजतो, दूध उतू जाते, पाहुणे येतात. शिवाय दहा मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा बघतोय. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसेच हे.

आणि बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे हात हलवून हाका मारत नाही. तोंड पाण्याखाली गेले की आवाज फुटणार कुठून? ते गुपचूप जाते. चार-सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूला कायमची इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुले होती. पाणी नदीचे, विहिरीचे की पूलचे, हे बाळाला कुठे कळते?

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. लक्ष ठेवायचेच, पण लक्ष चुकेल हे धरून बांधकाम करायचे. कुंपण जेवायला जात नाही आणि त्याला डुलकीही लागत नाही.

माझी लेक सिडनीला असते. तिथल्या राज्यात घरच्या पूललाही नियम आहेत आणि ते अगदी फुटपट्टी घेऊन मोजावेत असे आहेत. कुंपण किमान १.२ मीटर उंच हवे. खालची फट आणि उभ्या गजांमधले अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. फाटक पाण्याच्या उलट दिशेला उघडणारे, सोडले की आपोआप मिटणारे आणि आपोआप कडी लागणारे हवे. कडी जमिनीपासून दीड मीटरवर. चढायला पाय ठेवता येईल अशी कुंडी किंवा खुर्ची कुंपणाला टेकवायची नाही. पाणी ३० सेंटिमीटरपेक्षा खोल भरता येत असेल, तर हवा भरायच्या रबरी पूललाही हेच लागू! आणि २०१६ पासून पूल असलेले घर भाड्याने द्यायचे तर सुरक्षिततेचा दाखला जोडावा लागतो. आपल्याकडे शनिवार-रविवारसाठी बंगले भाड्याने जातात तेव्हा असा दाखला कोणी मागितल्याचे मी तरी ऐकले नाही.

भाचा म्हणेल, कंपाउंडची भिंत आहे ना! अरे, ती भिंत शेजाऱ्याच्या मुलासाठी. तुझी मुले घरातूनच येणार. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था चारही बाजूंनी कुंपण घालायला सांगते ते यासाठीच. चौथी बाजू म्हणजे घर आणि पाणी यांच्या मधली. नेमकी तीच आपण 'व्ह्यू'साठी मोकळी सोडतो.

"मुलांना लवकर पोहायला शिकवू" हे दुसरे उत्तर. अवश्य शिकवा. पण २००२ साली अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात गरम पाण्याच्या छोट्या टबात गेली. तिला पोहता येत होते. तळाच्या जाळीतून पाणी ओढणाऱ्या पंपाने तिला असे खेचून धरले की आईला ती सुटेना. पुढे तिच्या नावाने २००७ साली कायदा झाला आणि तिथल्या सार्वजनिक तलावांना न चिकटणाऱ्या जाळ्या सक्तीच्या झाल्या. तेव्हा कंत्राटदाराला विचारा, तळाला एकमेकांपासून दूर अशी दोन तोंडे आहेत का? जाळी फुगीर आहे का? पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे आहेत का, लाइनवर ईएलसीबी आहे का? क्लोरीन आणि ॲसिड वेगवेगळे, कुलपात राहणार आहे ना? (दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो.) भाच्याच्या कंत्राटदाराने फरशीचे सतरा नमुने दाखवले, यातले एक अक्षर काढले नाही.

राहता राहिला व्ह्यू. आपल्या जुन्या वाड्यांत परसात आड असे. त्याला कमरेएवढा कठडा असे, पुष्कळदा वर लोखंडी जाळीही. कठड्याने आडाची शोभा गेली असे म्हणताना मी कुणाला ऐकले नाही. ती माणसे अडाणी नव्हती. पाणी आणि पोर यांच्या मध्ये काहीतरी हवे, एवढे त्यांना कळत होते. आपण फक्त आडाचे नाव बदलून स्विमिंग पूल केले आणि कठडा तेवढा विसरलो.

तेव्हा भाचेबुवा, वास्तुशांतीला मी येणार, पुरणपोळीही खाणार. मात्र कुंपण होईपर्यंत पूल कोरडा ठेवायचा. रागावलास तरी चालेल.

आणि वाचकहो, सुट्टीसाठी असा बंगला घ्याल तेव्हा आगाऊ रक्कम भरण्याआधी मालकाला एकच विचारा : पूलला फाटक आहे का आणि ते आपोआप लागते का? दहा जणांनी विचारून दहा जण परत फिरले, तर अकराव्या गिऱ्हाइकाच्या आधी फाटक लागेल. कायदा होईल तेव्हा होईल.