झाड आमच्या वावरात, हिशेब कोणाच्या वहीत?



कोरडवाहू शेतकऱ्याला शहाणपण शिकवायला निघालेल्यांची या देशात कधी टंचाई पडली नाही. टंचाई पडते ती पावसाची आणि भावाची. आता एक जुना सल्ला नवे कपडे घालून पुन्हा आपल्या धुऱ्यावर येऊन उभा आहे. वावरात सुबाभळीच्या नाहीतर गिरिपुष्पाच्या ओळी लावा, मधल्या पट्ट्यात कपाशी-ज्वारी घ्या, ओळी छाटून पाला जमिनीला द्या; मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र फुकट आणून देतील. पूर्वी हे जमिनीच्या कसासाठी सांगत, आता त्यावर कार्बनचा मुलामा चढला आहे.

आम्ही झाडाचे वैरी नाही. बाभळीच्या सावलीत दुपारची भाकरी सोडणाऱ्याला झाडाची थोरवी कोणी सांगायला नको. पण त्याच बाभळीजवळच्या ज्वारीच्या चार तासांचे कणीस भरत नाही, हेही त्याने पाहिलेले असते. ज्याला दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत, त्याच्याशी हिशेबानेच बोलावे लागेल. तो हिशेब आम्ही मांडत आहोत.

पाऊस तिकडचा, सल्ला इकडे

ही पद्धत जन्मली नायजेरियात, इबादानच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या शेतावर, 1970 च्या दशकात. तिथला शेतकरी रान तोडून दोन-तीन वर्षे पीक घेई आणि मग कस परत येण्यासाठी जमीन पडीक सोडी. लोकसंख्या वाढली, पडीक ठेवायला जमीन उरेना. म्हणून शास्त्रज्ञांनी पडीक रान आणि पीक एकाच वावरात शेजारी-शेजारी आणले. कल्पना चांगली होती. पण इबादानला वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही दोन हंगामांत. आपल्याकडे सात-आठशे मिलिमीटर, आणि पोळ्यापर्यंत त्यात किती खंड पडतील ते कोणी सांगावे?

कोरडवाहूत काय होते, हे शोधायला आफ्रिकेत जायचीही गरज नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी सुबाभळीच्या ओळींमध्ये ज्वारी, चवळी आणि एरंडी घेऊन पाहिली. निष्कर्ष 1989 मध्ये छापून आले. ओळींजवळचे पीक बसले. सावलीने बसले की मुळांनी, हे कळावे म्हणून त्यांनी झाड आणि पीक यांच्यामध्ये जमिनीत उभा प्लॅस्टिकचा पडदा गाडला. पडदा घातला आणि पिकाची घट थांबली. म्हणजे चोरी सावलीची नव्हती, ओलीची होती. झाड नत्र देत होते आणि पाणी पीत होते. ज्या वावरात नत्राआधी पाणी संपते, तिथे हा सौदा तोट्याचा. आता प्रत्येक ओळीला प्लॅस्टिकचा पडदा गाडायचा खर्च कोण देणार?

पाला किती, मजुरी किती

फुकटच्या नत्राचेही गणित करू. गिरिपुष्पाच्या एक टन वाळल्या पाल्यात साधारण 25 किलो नत्र असते. एक टन वाळला पाला म्हणजे सुमारे चार टन ओला. 25 किलो नत्र म्हणजे 54 किलो युरिया, 45 किलोची जेमतेम सव्वा गोणी. दुकानात त्याचे सव्वातीनशेच्या आसपास रुपये होतात. चार टन ओला पाला तोडायचा, वाहायचा, पसरायचा. तोही निंदण आणि डवरणीच्या ऐन तोंडावर, जेव्हा मजूर शोधून सापडत नाही. सव्वातीनशे रुपयांत गड्याची एका दिवसाची मजुरीही भागत नाही. वर चार-चार मीटरवर ओळ लावली आणि ओळीने मीटरभर जागा अडवली, तर पाव वावर गेले. त्या पाव वावराचे पीक कोणाच्या वहीत मांडायचे?

कोणी म्हणेल, पाल्याने जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल धरून ठेवता येते. युरियाने ते होत नाही. अगदी खरे. पण तो नफा हळूहळू येतो आणि त्याचा मोठा वाटा साऱ्या समाजाला मिळतो. साऱ्या समाजाच्या कामाची मजुरी एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने का भरावी?

सुबाभळीचा पहिला गाजावाजा आठवा. चारा, सरपण, खत, सगळे एकाच झाडात मिळणार होते. 1988 मध्ये दक्षिण भारतात तिच्यावर तुडतुड्यासारखी परदेशी कीड आली आणि कोवळे शेंडे फस्त झाले. नुसता तिचाच पाला जनावरांना घातला तर तो बाधतो, हेही गोठ्यातच कळले.

आपले झाड तूर

मुळावर गाठी असलेल्या झाडाची ओळ पिकात लावायला आम्हाला कोणी शिकवायला हवे होते काय? कपाशीच्या सहा-आठ तासांनंतर तुरीचे तास टाकणे ही आमची जुनी रीत आहे. तूर सुरुवातीला हळू वाढते, सोबतच्या पिकाच्या तोंडचा घास काढत नाही. ज्वारी निघाल्यावर ती खोलवरच्या ओलीवर वाढते. पाला गाळून जमिनीला देते, तुऱ्हाट्या चुलीला, कुटार जनावराला आणि दाणे बाजाराला. उन्हाळ्यात वावर मोकळे. इबादानच्या झाडाला जे कोरडवाहूत जमले नाही, ते तुरीला जमते.

मग तुरीचे सरकारने काय केले? 2015 मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली तेव्हा शहरात हाहाकार झाला. शेतकऱ्याने तूर वाढवली. 2016-17 च्या हंगामात भाव 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली कोसळले आणि खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. मे 2021 मध्ये तुरीची आयात खुली केली आणि नंतर मुदत वाढवत नेली. एका हाताने नत्राची झाडे लावा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने नत्र देणाऱ्या पिकाचा भाव पाडायचा, हे कोणते मृदसंधारण?

झाड कोणाचे?

नायजर देशात पाऊस आपल्याहून कमी. तिथे वसाहतीच्या काळापासून वावरातले झाडही सरकारचे. साहजिकच रोप दिसले की शेतकरी उपटून टाकी. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सरकारी पकड सैल झाली आणि झाड आपले आहे असे शेतकऱ्याला वाटू लागले. माराडी आणि झिंदर भागांत शेतकऱ्यांनी वावरात आपोआप फुटलेले कोंब नुसते राखले. सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडे उभी राहिली. त्यांत पांढऱ्या बाभळीची एक जात आहे. ती पावसाळ्यात पाने गाळते आणि उन्हाळ्यात पालवते, त्यामुळे पिकाला सावली करत नाही. कोणते झाड राखायचे, किती राखायचे, कधी छाटायचे, हे तिथे शेतकऱ्याने ठरवले.

आपल्याकडे 1964 च्या राज्याच्या कायद्याने साग, आंबा, चिंच, मोह अशी आपल्याच वावरातली झाडे तोडायला परवानगी लागते. वाहतुकीचा परवाना वेगळाच. तोडण्याची आणि वाहतुकीची बंधने झाडे लावण्याच्या आड येतात, हे केंद्राच्या 2014 च्या कृषिवनिकी धोरणानेच मान्य केले. जे तोडता येत नाही ते लावील कोण?

बैठकीत मांडायचे मुद्दे

एक, वावराच्या मधोमध झाडांच्या ओळींची शिफारस कोरडवाहूसाठी करायची असेल, तर आधी आपल्या जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीवर, पाऊस कमी पडलेल्या सालासह, पाच वर्षांचे कपाशी-ज्वारीचे उत्पन्न आणि मजुरी दाखवा.

दोन, गिरिपुष्प धुऱ्यावर लावू. तिथे ते पिकाच्या ओलीला कमी भिडते आणि जनावरेही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पण छाटणीची मजुरी रोजगार हमीतून द्या.

तीन, आमच्या झाडांच्या नावावर कार्बनचा पैसा उभा राहणार असेल, तर करार मराठीत हवा आणि पैसा सातबाराच्या मालकाला हवा.

चार, आमच्या वावरात लावलेले झाड तोडायला आणि विकायला कोणाची परवानगी नको.

पाच, तुरीचा भाव पाडणारी आयात बंद करा.

झाडे लावायला आम्ही तयार आहोत. ओल आमची, मजुरी आमची, जमीन आमची. मग झाडही आमचेच असले पाहिजे.