छायाचित्रांची रोजकीर्द

परदेशप्रवास आता बारामती-इंदापूरच्या व्यापारी कुटुंबांना अपूर्वाईचा राहिलेला नाही. कोणाची कन्या शिक्षणासाठी फ्रान्समध्ये असते, कोणाचे चिरंजीव नोकरीनिमित्त तेथे राहतात, आणि वडीलधारी मंडळी त्यांना भेटावयास जातात. परतताना फोनमध्ये शेकडो छायाचित्रे असतात. आयफेल मनोऱ्यासमोर सर्व कुटुंब उभे असते, लूव्हर संग्रहालयासमोरही उभे असते. परंतु मुलीची खोली, तिची गल्ली, ती भाजी आणते ते दुकान यांचे एकही चित्र त्यांत नसते. १८८९ साली उभा राहिलेला मनोरा नातवंडांनाही पाहता येईल. मुलीची खोली मात्र दोन वर्षांत दुसऱ्या कोणाची तरी होईल.

हे मर्म ओळखणारा एक छायाचित्रकार पॅरिसमध्येच होऊन गेला. युजेन आत्जे (१८५७–१९२७) हा आधी नाटकांत कामे करी. पुढे लाकडी कॅमेरा आणि जड काचपट्ट्या खांद्यावर घेऊन तो पहाटेच्या पॅरिसमध्ये हिंडू लागला. जुने शहर पाडले जात होते. त्याने जुन्या गल्ल्या, अंगणे, जिने, दुकानांचे दर्शनी भाग, फेरीवाले आणि चिंध्या गोळा करणारे टिपले. ही चित्रे तो चित्रकारांना, ग्रंथालयांना व संग्रहालयांना विकून चरितार्थ चालवी. १९२० मध्ये फ्रेंच शासनाने त्याच्याकडून सुमारे २,६०० काचपट्ट्या १०,००० फ्रँकला विकत घेतल्या. त्याच्या मृत्यूनंतर उरलेला मोठा संग्रह बेरेनिस अॅबट या अमेरिकन छायाचित्रकार महिलेने वाचवला. तो १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेला. व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे त्याची शिस्त. प्रत्येक काचपट्टीला क्रमांक असे आणि चित्रामागे ठिकाणाचे नाव लिहिलेले असे. गल्ली नाहीशी झाली, तरी ती कोणती होती हे त्यामुळे आजही सांगता येते.

असे नाहीसे होणे आपल्या तालुक्यानेही पाहिले आहे. उजनी धरणाच्या जलाशयात भीमाकाठची अनेक गावे गेली. इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव त्यांपैकी एक. पाणी ओसरले की तेथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर उघडे पडते आणि त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. दुकानावरची पाटी, पेढीवरची बैठक, घराचा सोपा मात्र पुन्हा वर येत नाही. त्या काळी घरोघरी कॅमेरे नव्हते. स्टुडिओत काढलेल्या चित्रात माणसांमागे रंगवलेला पडदा असे. घर त्यात येत नसे.

आज साधन प्रत्येकाच्या खिशात आहे, उणीव नोंदीची आहे. व्यापारी घरात रोजकीर्द आणि खतावणी यांतील भेद मुलांनाही ठाऊक असतो. फोनमधील चित्रे म्हणजे खतावणी न झालेली कीर्द होय. फ्रान्समधील मुक्कामात दिवसाला पाच-सात चित्रे पुरेत: सकाळी पाव घेण्यासाठी लागलेली रांग, आठवड्याच्या बाजारातील भाज्यांची मांडणी, दाराची घंटा, मुलीच्या स्वयंपाकघरातील डाळींचे डबे. रात्री त्यांतील निवडक ठेवून, प्रत्येकाखाली दिनांक, ठिकाण आणि माणसाचे नाव लिहावे. बाकीची पुसून टाकावीत. परिग्रहपरिमाणाचे व्रत धनधान्याला लागू पडते, तसे ते चित्रांनाही लागू करण्यास हरकत नसावी.

आणखी एक मर्यादा पाळावयास हवी. फ्रान्सच्या दिवाणी संहितेचे नववे कलम प्रत्येकाच्या खासगी जीवनाचे रक्षण करते. ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे चित्र तिच्या संमतीवाचून प्रसिद्ध केल्यास प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. दुकानात शिरताना प्रथम 'बोंझूर' म्हणून अभिवादन करण्याची तेथे रीत आहे; त्यानंतर विचारून मगच चित्र घ्यावे. जे दिले गेले नाही ते न घेणे ही शिकवण श्रावकाला परकी नाही. अनोळखी माणसाचा चेहराही त्याच्या अनुमतीनेच घ्यावा.

ही सवय प्रवासापुरती ठेवू नये. द्रव्य टिकते आणि पर्याय पालटतात, हे तत्त्व आपण प्रवचनांत ऐकतो. दुकान तेच राहते. पण तागडी जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा येतो, गादी जाऊन काउंटर येतो, वहीच्या जागी संगणक येतो. पॅरिसला एक आत्जे लाभला. बारामतीच्या पेठेला तसा कोणी लाभेल म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या दुकानाचे एक चित्र घ्यावे. त्यात गादीवर बसलेले आजोबा असावेत, मुनीमजी असावेत, हमालही असावा. मागे सर्वांची नावे आणि संवत लिहून ते चित्र नव्या वहीच्या पहिल्या पानात ठेवावे. खर्च काही रुपयांचा आहे. जमेची बाजू पुढची पिढी मोजील.