डोंगराच्या कडेकडेने



दीक्षाभूमीच्या या शहराला जपान परका नाही. भदंत सुरेई ससाई तिकडूनच आले आणि इथलेच झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ साली उभे राहिले ते सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने आणि नोरिको ओगावा या जपानी बाईंच्या मदतीने. तेव्हा एखाद्या महिला मंडळात ‘जपानला जाऊन कोयासानचा पवित्र डोंगर पाहू या’ असा बेत निघाला, तर नवल नाही. जरूर जावे. मात्र वरचे मठ पाहण्याआधी वेशीवरचे एक साधेसे लाकडी घर नीट पाहून घ्यावे.

त्याला म्हणतात न्योनिन-दो, म्हणजे बायकांचे देऊळ. इ.स. ८१६ मध्ये कूकाई या भिक्खूला कोयासानवर मठ उभारण्याची परवानगी मिळाली आणि पुढे कित्येक शतके तिथे स्त्रीला बंदी राहिली. वर जाणाऱ्या सात वाटा, आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी असे एक घर. बाईने तिथवर यायचे, तिथूनच हात जोडायचे. ज्यांचे मन तेवढ्याने भरत नसे, त्या भोवतालच्या कड्यांवरून, या घराकडून त्या घराकडे, सबंध डोंगराला फेरी घालत. आत पाऊल न टाकता! आज सातांतले एकच घर उरले आहे. पायवाट मात्र आहे.

खुद्द कूकाईची आईही वर जाऊ शकली नाही. ती पायथ्याच्या जिसोन-इन मंदिरात राहिली आणि मुलगा महिन्यातून नऊदा डोंगर उतरून भेटायला येई, अशी कथा सांगतात. मुलाच्या मातृभक्तीचे त्यात मोठे कौतुक. आईनेच वर का जाऊ नये, हे कथा विचारत नाही.

बंदी उठली ती १८७२ साली, सरकारी हुकुमाने. डोंगरावर पुरती मोकळीक मिळायला १९०६ साल उजाडले. तिथून फार दूर नसलेल्या ओमिने पर्वताचे सांजोगाताके शिखर तर आजही बायकांना बंद आहे. २००४ साली युनेस्कोने ही दोन्ही ठिकाणे जागतिक वारशात घेतली. ओमिनेच्या दारावरचा ‘स्त्रियांना मनाई’चा फलक जागचा हलला नाही. कारणे आपल्या ओळखीचीच: बाईचा विटाळ, आणि पुरुषांची ढळणारी साधना.

२०१६ साली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला, तेव्हा विहारात जाणाऱ्या आम्ही काही जणी म्हणालो होतो, ‘हे त्यांच्यात, आपल्यात नाही.’ कोयासानबद्दल वाचल्यावर हे वाक्य पूर्वीसारखे ठासून म्हणवत नाही. महाप्रजापती गौतमी संघात आली, हे खरेच. पण शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे, हा नियमही विनयपिटकातच आहे. स्त्रीच्या अधोगतीला बुद्ध जबाबदार आहे, हा आरोप बाबासाहेबांनी १९५१ साली लेख लिहून खोडून काढला. तो लेख आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. मग आपल्या वस्तीतल्या विहारात खीर कोण शिजवते आणि कार्यकारिणीत कोण बसते, हेही सांगायला हवे.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने आपल्या विहाराच्या, देवळाच्या किंवा दर्ग्याच्या समितीत बाया किती, ते मोजून कळवावे. आणि जपानला निघालेल्यांनी वर जाण्याआधी ती कडेची पायवाट चालावी, निदान एका घरापासून पुढच्या घराच्या जागेपर्यंत.